चौकांच्या इतिहासात इस्फहान हवेच

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जुन्या शहरांच्या चौकांवरचा लेख मनापासून आवडला. मात्र एकसारख्या कमानींनी वेढलेला आखीव चौक जणू युरोपनेच जगाला दिला, असा त्यातला सूर पटला नाही. त्याच काळात इराणमध्ये उभ्या राहिलेल्या इस्फहानच्या नक्श-ए-जहान चौकाचा लेखात साधा उल्लेखही नाही.

शाह अब्बास पहिला याने १५९८ मध्ये राजधानी इस्फहानला आणली. पॅरिसच्या प्लास रोयालचे काम चौथ्या हेन्रीने १६०५ मध्ये हाती घेतले, माद्रिदचा प्लाझा मायोर तर १६१७ नंतरचा. पॅरिसच्या चौकाची एक बाजू साधारण १४० मीटर भरते. इस्फहानचा चौक सुमारे ५६० मीटर लांब आणि १६० मीटर रुंद आहे, म्हणजे तसे चार चौक त्यात ओळीने मावतील. भोवती दुमजली कमानींची सलग रांग आणि खाली दुकाने.

प्लास रोयालभोवती प्रामुख्याने उमरावांची घरे होती. इस्फहानला उत्तरेला बाजाराचा दरवाजा, पश्चिमेला अली कापू हे राजवाड्याचे प्रवेशद्वार, पूर्वेला मिनार नसलेली शेख लुत्फुल्ला मशीद. मधल्या मोकळ्या जागेत पोलो चाले आणि बाजारही भरे. पोलोच्या गोलचे दगडी खांब अजून उभे आहेत. आजची हिरवळ आणि हौद विसाव्या शतकातले. देखणे आहेत, पण मूळ मोकळेपणा त्यांनी झाकला, असे माझे मत आहे.

खरे कसब दिसते ते दक्षिणेच्या शाही मशिदीत. तिचे काम १६११ मध्ये सुरू झाले. चौक जवळपास दक्षिणोत्तर आणि मक्का नैर्ऋत्येला, मग चौकाची रेषा सांभाळायची की किब्ल्याची, म्हणजे नमाजासाठी मक्केकडे तोंड करण्याच्या दिशेची? रचनाकारांनी दोन्ही सांभाळल्या. प्रवेशद्वार चौकाच्या रेषेत ठेवले आणि आत शिरताच वाट सुमारे ४५ अंशांत वळवली. म्हणूनच चौकातून पाहताना दरवाजा अगदी समोर येतो, पण मागचा मोठा घुमट एका बाजूला सरकलेला दिसतो. नगररचनेच्या विद्यार्थ्यांना हा एक वळसा पुष्कळ शिकवील.

या चौकावर पुरवणीत स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती. सोबत नकाशा जरूर छापावा. नुसत्या छायाचित्रांवरून ते वळण नीट कळत नाही.

— एक वाचक, सोलापूर