रॅम्प आणि लिफ्टवर पहिला हक्क व्हीलचेअरचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी मुलगी नऊ महिन्यांची आहे. ती झाल्यापासून सार्वजनिक इमारतींतले रॅम्प, लिफ्ट आणि रुंद दाराची स्वच्छतागृहे यांचे मोल मला रोज कळते आहे, आणि रोजच्या वापरामुळे या सोयी जणू आपल्यासाठीच केल्या आहेत, असेही मी नकळत धरून चालले होते. गेल्या महिन्यात एका शासकीय कार्यालयात हा समज गळून पडला.

तिथे दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहात मी बाळाचा डायपर बदलत होते, कारण महिलांच्या स्वच्छतागृहात बाळाला आडवे करायला साधी फळीसुद्धा नव्हती. रडणाऱ्या लेकराला शांत करून, ओले कपडे पिशवीत भरून बाहेर यायला दहा-बारा मिनिटे लागली. दार उघडले तेव्हा समोर व्हीलचेअरवर एक वयस्कर गृहस्थ, दोन्ही हात चाकांवर घट्ट धरून, थांबलेले होते. त्यांनी दार एकदाही वाजवले नव्हते. त्या मजल्यावर त्यांना आत जाता येईल असे ते एकच दार होते. माझे काम बाहेरच्या बाकावरही उरकले असते.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१२ साली वेदरबीहून लीड्सला निघालेल्या बसमध्ये व्हीलचेअरच्या जागेवर बाबागाडी होती, ती मिटत नाही असे सांगून आईने ती हलवली नाही आणि व्हीलचेअर वापरणारे प्रवासी डग पॉली यांना त्या बसने जाता आले नाही. चालकाने एकदा विनंती करून गप्प बसणे पुरेसे नाही, असे न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये सांगितले.

आपल्याकडे मुळात सोयीच तुटपुंज्या आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे नियम जून २०१७ मध्ये आले आणि जुन्या सार्वजनिक इमारती त्यानंतर पाच वर्षांत सुगम व्हायच्या होत्या. ती मुदत २०२२ मध्येच सरली. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा रॅम्प हवा, हे प्रमाणही अनेक ठिकाणी पाळलेले दिसत नाही. तसा उभा चढ मी अंगाचा जोर लावून बाबागाडीसह चढते, स्वतःच्या हातांनी चाके फिरवणाऱ्याला तो चढवत नाही.

म्हणून मी पालकांना कळकळीने विनवते की, रॅम्प आणि लिफ्ट आपण जरूर वापरावी, पण व्हीलचेअर दिसताच बाजूला व्हावे, प्रसंगी बाळाला कडेवर घेऊन गाडी मिटावी. मात्र सगळा भार पालकांवर टाकूनही चालणार नाही. डायपर बदलण्याची फळी महिलांच्या आणि पुरुषांच्याही स्वच्छतागृहात बसवली (बाळाचे बाबाही बाळाला घेऊन येतातच), तर दिव्यांगांचे स्वच्छतागृह अडवण्याची वेळच येणार नाही. ही मागणी मी त्या कार्यालयाकडे लेखी दिली आहे. इतर पालकांनीही आपापल्या गावी ती द्यावी.

आपली विश्वासू,
एक पालक, पुणे