कॅप्टनसाहेबांच्या बातमीत राहून गेलेलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या गावचे ऑनररी कॅप्टन गेल्याची चार ओळींची बातमी आपल्या अंकात वाचली. हुद्दा, पलटण, १९७१ चं युद्ध, पश्चात परिवार, सगळं बरोबर होतं. पण औसा तालुक्यातल्या आमच्या गावात त्या दिवशी चुली का पेटल्या नाहीत, हे त्यात नव्हतं, म्हणून हे पत्र.

साहेब मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई म्हणून भरती झाले. लग्न होऊन काकू गावीच राहिल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मी शेजारचा, पाचवीतला पोरगा; आलेलं पत्र वाचून दाखवायचं आणि उत्तर लिहून द्यायचं काम माझ्याकडे. निळ्या इनलँडवर नंबर, नाव, पलटण आणि शेवटी ९९ एपीओ, म्हणजे फौजेच्या टपालाचा नंबर. गावाचं नाव नाही. माणूस कुठल्या मुलखात आहे हे काकूंना कळायचंच नाही. १६ डिसेंबरला ढाका पडल्याचं चावडीवरच्या रेडिओवर ऐकून गावानं गुलाल उधळला, काकू मात्र साहेबांचं पत्र हातात पडेपर्यंत नीट जेवल्या नाहीत.

मग १९७२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, रेशनवरची लाल मिलो ज्वारी घशाखाली उतरेना. मनीऑर्डरीत सासू-सासरे, दीर, दोन लेकरं भागेनात, तेव्हा काकू रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. पत्रात मात्र सांगायच्या, "लिही, हिकडं समदं बरं हाय, काळजी करू नगा." मी तसंच लिहायचो. एकदा त्यांच्या तळहातावरचे फुटलेले फोड पाहिले आणि न राहवून पत्राच्या घडीवर आपल्या मनानं एक ओळ घातली : 'काकू खडी फोडायला जातात.'

साहेब रजा काढून आले. काकूंना एका शब्दानं बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फडक्यात भाकरी बांधली, हातोडा उचलला आणि त्यांच्या जागी कामावर जाऊन बसले. पुरी रजा फौजी माणूस बायाबापड्यांच्या रांगेत खडी फोडत होता. लोक हसले, थोरल्या चुलत्यांनी तर तोंडावर बोल लावला. साहेबांनी मान वर केली नाही. माझं नाव त्यांनी काकूंना कधीच सांगितलं नाही. पलटणीत कारकुनाला बाबू म्हणतात. तेव्हापासून मी त्यांचा 'बाबू' झालो. पुढे मी शिक्षक झालो, निवृत्तही झालो, तरी हाक तीच.

पेन्शनवर आल्यावर पाणी शेंदणं त्यांनी आपल्याकडे घेतलं, काकूंना घागर उचलू दिली नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा पहाटेच फावडं घेऊन निघाले आणि आठ दिवस घरी आले नाहीत. पंचक्रोशीतल्या फौजींच्या विधवांना दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी तेच बँकेत घेऊन जायचे.

त्यांची काळी ट्रंक तेरवीनंतर उघडली. काकूंनी साहेबांची सगळी पत्रं त्यात जपून ठेवली होती. आता रोज दिवेलागणीला त्या मला बोलावतात. दोन पत्रं वाचून होतात, तिसऱ्याला त्या थांबवतात. सध्या आम्ही १९७४ पर्यंत आलो आहोत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. औसा, जि. लातूर