वायफायला पासवर्ड पुन्हा लावलाय

बंगळूर
रविवार, रात्र

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही काढून टाकलेला वायफायचा पासवर्ड मी पुन्हा लावला आहे. तुम्हाला न विचारता लावला, म्हणून आधी तेच सांगते. परवा माझ्या सांगण्यावरून तुम्ही कॉम्प्युटर चालू ठेवून झोपलात, तेव्हा इथून साडेअकरा ते दीड बसून मी त्या कॉम्प्युटरमधून राउटरमधलं सगळं पाहिलं आणि जे करायचं ते करून टाकलं. तेव्हापासून टॅब आणि दोघांचे फोन पासवर्ड मागत असतील. तुमचं काही बिघडलेलं नाही. शशीदादा हे खोकं घेऊन येईल, तो एकेक जोडून देईल.

आई, तुझी मात्र माफी मागायची आहे. चार महिने तू एकच सांगत होतीस, "लाईट आले की दोन मालिका होईस्तोवर ठीक, मग टॅब हातात घ्यावा तर नेट गेलेलं." आणि मी दर वेळी म्हणायची, तू काहीतरी दाबलं असशील. तू काहीही दाबलं नव्हतंस गं. राउटर स्वतःच्या नोंदी ठेवतो. त्यात दर ३६०० सेकंदांनी टॅब बाहेर पडलेला दिसतो, आणि कारण प्रत्येक वेळी तेच, क्रमांक १६. अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन मालिका म्हणजे ३६०० सेकंदच झाले! लाईट आले की राउटर नव्याने सुरू होतो आणि तासाची मोजणीही तिथून धरतो. तू घड्याळाकडे न बघता जे पकडलंस, ते मला नोंदी वाचून कळलं.

झालं होतं असं. पासवर्डाच्या वायफायला दोन किल्ल्या असतात. एक ज्याची त्याची, दुसरी घरातल्या सगळ्यांची मिळून. ही सामायिक किल्ली राउटर ठरावीक वेळाने बदलतो आणि प्रत्येकाला हाक मारून नवी देतो. त्या वेळी तुझा टॅब फडताळावर गाढ झोपलेला. काही हाका मारूनही ओ आली नाही की राउटर त्याला बाहेर काढतो. क्रमांक १६ म्हणजे तेच. बरं, बाहेर पडल्यावर परत तरी यावं, तर तिथेही अडायचं. तुझा टॅब २०१६ चा, आणि राउटरवर २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा जुन्या डब्ल्यूपीए२ बरोबर मिसळून लावलेली. काही जुनी यंत्रं अशा मिश्रणात गोंधळतात. आता मी नुसती डब्ल्यूपीए२ ठेवली आहे, एईएस नावाच्या पक्क्या कुलपाची. जुनी असली तरी पासवर्ड लांबलचक असला की ती भक्कम आहे. किल्ली बदलायची वेळ ३६०० वरून ८६४०० सेकंदांवर नेली, म्हणजे अख्खा दिवस. टॅब मात्र बदलायचा नाही. त्यात अण्णांचे फोटो आहेत, ठाऊक आहे मला.

बाबा, तुमचंही बरोबर होतं. त्या मुलाला सांगून वायफायचा पासवर्डच काढून टाकलात आणि टॅब सुतासारखा चालू लागला. किल्लीच नाही तर बदलायची कुठली? म्हणून टॅबचं बाहेर पडणं लगेच थांबलं. पण पासवर्ड दोषी नव्हता, दोष त्या तासाच्या मोजणीचा होता. तुम्ही म्हणाल, आपल्या दाराला दिवसा कधी कडी नसते, गावात परकं कोण आहे. खरं आहे. पण वायफाय पडवीपाशी थांबत नाही, रस्त्यापर्यंत जातं, आणि तिथे कोणीही गाडी लावून बसू शकतं. जोडणी तुमच्या नावावर आहे. कोणी त्यावरून काही भलतंसलतं केलं तर विचारणा पहिल्यांदा तुमच्याकडे येईल. पतसंस्थेच्या वेळी तुम्ही विनाकारण जे सोसलंत, ते मी पाहिलंय. ते पुन्हा नको. नोव्हेंबरात हयातीचा दाखलाही तुम्ही याच फोनवरून चेहरा दाखवून करणार आहात. बँकेचं ॲप आपलं आपण सुरक्षित असतं, तरी घराचं कुलूप असलेलं बरं.

पासवर्ड इथे लिहीत नाही. आपल्या पहिल्या पाडीचं नाव, तिच्यापुढे आजी तिला हाक मारताना म्हणायची ते सगळं, आणि मी पहिलीत गेले ते साल. पाडी विकली त्या दिवशी मी गोठ्यात झोपले होते आणि बाबा, तुम्ही रागावला नाहीत, घोंगडी आणून घातलीत. म्हणून तो पासवर्ड मी विसरणार नाही, तुम्हीही नाही.

आता जरा ऐका. राउटर लोखंडी कपाटामागून काढून माजघरातल्या उंच फळीवर ठेवायचा. वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं. जांभ्याच्या जाड भिंतींतून पाच गिगाहर्ट्झचं जेमतेम जातं, म्हणून टॅबसाठी २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायचं नाव वेगळं केलंय, ते स्वयंपाकघरापर्यंत येईल. आई, राउटरवर विणलेला रुमाल नको, तो तापतो. मागच्या बारीक भोकात टाचणी घालायची नाही, सगळं पुसलं जाईल. अडलंच तर बटण बंद, अर्धा मिनिट थांबायचं, मग चालू. खोक्यात १२ व्होल्टची छोटी बॅटरी आहे, लाईट गेले तरी राउटर काही वेळ चालेल. शेजारच्या मुलांसाठी पाहुण्यांचं वेगळं वायफाय केलंय, त्यांना नाही म्हणायची पाळी तुमच्यावर येणार नाही. आणि कॅमेरा लावणार नाही. दिलेला शब्द माझ्या लक्षात आहे.

एवढं सगळं का, तर त्या रात्रीमुळे. बाबांची साखर ५८ वर आली, आई टॅबवरून मला लावत राहिली, आणि शेवटी बॅटरी घेऊन अंधारात शेजारी गेली. मी इथे फोन लागत नाही म्हणून चिडून झोपले. दुसऱ्या दिवशीही आधी विचारलं ते, टॅब का बंद ठेवलात. हे माझ्या मनातून जात नाही. यायला हवं होतं, पण अन्वयची दहावी आहे आणि गणपतीपर्यंत रजा नाही. गणपतीत दहा दिवस येते, नक्की.

बाबा, रात्रीचं जेवण साडेआठच्या आत. उशाशी साखरेची डबी हवीच.

सगळं जोडून झालं की त्या रात्री दुसरी मालिका संपल्यावर, आई, फडताळावरचा टॅब उचल आणि मला लाव. मीटिंग असली तरी घेईन.

तुमची,
बेबी