पळसपापडी द्या, पण माप ठरवून द्या

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

पावसाळ्यात मराठवाड्यातल्या उस्मानाबादी शेळ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरते आणि डोळ्याची खालची पापणी आतून पांढरी पडते. हे चौथ्या पोटात रक्त पिणाऱ्या हिमॉन्कस या गोलकृमीचे काम. लेंडीत भाताच्या शितासारखे तुकडे दिसले की लोक घाबरतात, पण ते पट्टकृमीचे असतात. मोठ्या शेळीला त्यांचा फारसा त्रास नसतो. जो जीव घेतो तो गोलकृमी लेंडीत नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही.

जंतनाशक मोहिमेत झाडपाल्याची औषधे यावीत, असे आम्हालाही वाटते. मात्र सध्या गावोगाव फिरणारा कांदा, लसूण, मोहरी, कडुनिंब, कारले, गूळ यांच्या गोळ्यांचा नुस्खा गाई-म्हशींसाठीचा आहे. त्यात गूळच १५० ग्रॅम! २५ किलोच्या शेळीला तो एकदम चारला तर जंत राहतील बाजूला, आधी पोट फुगेल.

पळसपापडीचे, म्हणजे पळसाच्या बियांचे, उलटे होते. बी रात्रभर भिजवून, वरची साल काढून, वाळवून पूड करतात इथपर्यंत ठीक, पण देतात चिमूटभर. मेंढ्यांवरच्या प्रयोगांत वजनाच्या किलोमागे १ ते ३ ग्रॅम पूड दिली होती, म्हणजे २५ किलोला २५ ते ७५ ग्रॅम. तेवढ्यानेही लेंडीतली जंतांची अंडी घटली, संपली नाहीत. गाभण शेळीला ही पूड देऊच नये. पळसाचे बी गर्भाला बाधते. पाजताना मान उंच ताणली की औषध फुप्फुसात जाते. गालाच्या कोपऱ्यातून, घोट घोट पाजावे.

रासायनिक औषधाचा घोळही मापाचाच आहे. अल्बेंडाझोल मेंढीला किलोमागे ५ मिलिग्रॅम पुरते, शेळीचे शरीर ते लवकर बाहेर टाकते म्हणून तिला १० लागते. दोघींना एकच माप पाजले की अर्धवट मेलेले जंत पुढच्या वर्षी औषधाला दाद देत नाहीत.

म्हणून मागणी एवढीच, की प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात जूनपूर्वी लेंडीतली जंतांची अंडी मोजायची मॅकमास्टर काचपट्टी द्या. ३ ग्रॅम लेंड्या ४२ मिली संपृक्त मिठाच्या पाण्यात कुस्करायच्या, गाळायच्या, दोन्ही कप्प्यांतली अंडी मोजून बेरजेला ५० ने गुणायचे, की एका ग्रॅम लेंडीतली अंडी कळतात. औषधाआधी एकदा आणि १४ दिवसांनी पुन्हा. कळपातल्या काही शेळ्या औषधाविना ठेवून त्यांचीही मोजणी व्हावी, कारण पाऊस उघडला की अंडी आपोआप घटतात आणि श्रेय गोळीला जाते. बिनऔषधाच्या गटातल्या एखाद्या शेळीची पापणी पांढरी दिसली तर मात्र त्या शेळीला लगेच औषध द्यावे.

परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांकडे हे काम सोपवता येईल. त्यांनी ठरवलेले शेळीचे माप, किलोनिहाय तक्त्यात, दवाखान्याच्या भिंतीवर लावा. तोवर गाईच्या मापाची पत्रके शेळीपालकांत वाटू नयेत.

आपले,
मराठवाड्यातील शेळीपालक