ट्रेलर घेण्याआधी वजनकाट्यावर न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत गाडीला जोडून न्यायच्या कॅराव्हॅन ट्रेलरवरचा लेख वाचला. फ्रिज, टीव्ही, दिवे, गादीची जाडी, सगळं त्यात आहे. पण ट्रेलर भरल्यावर त्याचं वजन किती होतं आणि ते चाकांच्या पुढं बसतं की मागं, यावर एक ओळही नाही. मी शिवाजी उद्यमनगरात ३८ वर्षं उसाच्या ट्रॉल्या बांधल्या आणि निवृत्त झाल्यावर असा एक ट्रेलर विकत घेतला. म्हणून हे पत्र.

आमचा ट्रेलर १५ फुटी. विकणाऱ्यानं ‘हलका आणि ऐसपैस’ असं सांगितलं, कागदावर वजन ७८० किलो. मागच्या टोकाला बाथरूम, त्याच्याखालीच १०० लिटरची पाण्याची टाकी. ट्रॉली असती तर ती टाकी पाहूनच मी हरकत घेतली असती. पण नातवंडं आत उड्या मारत होती, पत्नी पडद्यांचं माप घेत होती, आणि मी पैसे देऊन मोकळा झालो. हे चुकलंच.

गणपतीपुळ्याला निघालो. बांबवडे सोडून मलकापूरच्या अलीकडं उताराला लागलो, वेग ६०-६५ असेल. समोरून एक मोठा ट्रक गेला, त्याच्या हवेचा दणका बसला आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागला. आधी थोडा, मग प्रत्येक हेलकाव्याला जास्त. आरशात त्याची एक बाजू दिसायची, मग दुसरी. जोरात ब्रेक मारला असता तर आडवाच झाला असता. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टेअरिंग घट्ट सरळ धरलं. पन्नासेक पावलं गेल्यावर तो शांत झाला. मागच्या सीटवर कुणी बोलत नव्हतं. कडेला घेऊन टाकीचा कॉक उघडला आणि सगळं पाणी रस्त्याकडेला सोडून दिलं. रात्र घाटाच्या वरच्या आंबा गावात काढली. घाट उतरलोच नाही, दुसऱ्या दिवशी परत फिरलो.

कोल्हापुरात शिरल्यावर घरी न जाता, टाकी पुन्हा भरून, सरळ वजनकाट्यावर गेलो. भरलेला ट्रेलर ११४० किलो! पाणी १००, भरलेला घरगुती गॅस सिलिंडर ३०, इन्व्हर्टरची बॅटरी पंचावन्नच्या आसपास, नंतर बसवलेला एसी, वरची ताडपत्री, भांडी, अंथरुणं. यातलं काहीच त्या ७८० मध्ये धरलेलं नव्हतं. मग गाडी सोडवून फक्त पुढचं जॅकचं चाक काट्यावर ठेवलं. ३५ किलो. म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो त्या हुकवर भरलेल्या वजनाच्या जेमतेम तीन टक्के भार.

बैलगाडी भरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. मागं जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं. पुढं जास्त भरलं की बैलांच्या माना दबतात. ट्रेलरचंही तेच आहे, फक्त बैलांच्या जागी गाडीचा हुक. मागं जड झाला, हुकवर भार कमी पडला की तो शेपटी हलवतो. अमेरिकेत हे ट्रेलर पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. तिथं भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकवर ठेवतात, आणि आत किती किलो सामान भरता येतं याचं स्टिकर नव्या ट्रेलरवर लावावंच लागतं. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आपण तर घाटांच्या तोंडाशी राहतो. आंबा, करूळ, फोंडा, आंबोली, कुठूनही कोकणात उतरा, मागून टनभर वजन रेटणार. आपली गाडी किती ओढू शकते, हुकवर किती भार चालतो, हे गाडीच्या पुस्तिकेत बघा. काही गाड्यांना ओढायची परवानगीच नसते.

आता ऐसपैसपणाबद्दल. लांबी वाढवली की जागा वाढते हा समज खोटा आहे, लांबीनं आधी वजन वाढतं. आमची जागा वाढली ती पत्नीच्या एका वाक्यानं. ‘अहो, आत फोडणी नको. रश्शाचा वास गादीला आठ दिवस राहतो.’ शेगडी बाहेरच्या कुशीत बसवली, झाकण उघडलं की तेच डोक्यावर छप्पर. आतला ओटा गेला, तिथं दोघांना पाय पसरून बसता येतं. जेवणाचं टेबल खाली सरकवलं की पलंग होतो. उंची सगळीकडं लागत नाही, पण मधल्या पट्ट्यात सहा फुटी माणूस ताठ उभा राहिला पाहिजे. त्यासाठी वर उचलणारं छत उत्तम, बंद केलं की वाराही कमी अडतो. रुंदी गाडीपेक्षा फार जास्त नको, नाहीतर आरशात मागचं काही दिसत नाही. आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर खिडक्या हव्यातच, नाहीतर केवढाही ट्रेलर कोंदट वाटतो.

प्लायवूडपासून सावध राहा. आंब्याच्या एका पावसाळ्यानंतर दाराखालचा प्लाय मी अंगठ्यानं दाबला तर आत गेला आणि पाणी बाहेर आलं. वजन वाढलेलं, ताकद गेलेली. ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि मध्ये फोम असलेले फायबरचे पत्रे महाग पडतात, पण आपल्या पावसात तेच घ्यावेत. मी कपाटं काढून कापडी कप्पे शिवून घेतले, टाकी ॲक्सलच्या किंचित पुढं आणली, ५ किलोचा छोटा सिलिंडर आणि लिथियम बॅटरी घेतली, ओव्हररन ब्रेक बसवले. गाडी मंदावली की ट्रेलर पुढं रेटतो आणि त्या रेट्यानंच त्याचे ब्रेक लागतात. आता भरलेलं वजन ९६०, हुकवर ११५. आंबा घाट दोनदा उतरलो, ट्रेलर रेषेत येतो. बाथरूम मात्र पत्नीनं काढू दिलं नाही, आणि तिचं बरोबर होतं.

राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, त्यामुळं असे ट्रेलर वाढणार. माझी विनंती एवढीच की पुरवणीत पुन्हा कधी ट्रेलरची ओळख करून दिलीत तर किमतीशेजारी तीन आकडे छापा : रिकामं वजन, जास्तीत जास्त भरलेलं वजन, हुकवरचा भार. आणि घेणाऱ्यानं व्यवहाराआधी विकणाऱ्याला सांगावं की टाकी भरून काट्यावर चला. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात काटा शोधावा लागत नाही.

आपला,
एक निवृत्त ट्रॉली कारागीर
मंगळवार पेठ, कोल्हापूर