शामोनीच्या ‘सोप्या’ उताराबाबत आणि त्यावर मिळालेल्या उत्तरांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : केबल कारच्या मधल्या स्थानकापासून गावापर्यंत पायी उतरवल्यामुळे झालेली इजा, उपचारखर्च आणि दिशाभूल करणारी कार्यक्रमपत्रिका.

महोदय,

आज सकाळी आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी झालेले बोलणे हे माझ्या बाजूने शेवटचे तोंडी बोलणे समजावे. यापुढे जे होईल ते लेखी होईल.

आपल्या युरोप सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत फ्रान्समधील शामोनीच्या दिवसापुढे ‘केबल कारने वर, रमतगमत खाली, वेळ दीड तास, श्रेणी सोपी’ असे छापलेले आहे. ही सहल आपण दर उन्हाळ्यात नेता. त्यामुळे एग्वीय द्यु मिदीच्या केबल कारचे मधले स्थानक २३१७ मीटरवर आणि शामोनी गाव १०३५ मीटरवर आहे, हे आपणांस माझ्याकडून समजून घ्यावे लागेल असे वाटत नाही. वजाबाकी आपण करालच. सिंहगडावरून आतकरवाडीला उतरावे आणि खाली पोहोचल्यावर पुन्हा तेवढेच उतरायचे आहे असे कोणी सांगावे, तसा तो प्रकार आहे. दीड तासाच्या त्या रमतगमतीला आम्हाला पाच तास लागले.

स्थानकाबाहेर पडताच उघड्या उतारावर सुट्या दगडांची वाट लागते. डोंगराची ती बाजू उत्तरेकडची असल्याने जूनमध्येही सावलीतल्या घळींत जुना, कडक झालेला बर्फ होता, आणि आपल्या सामानाच्या यादीत ‘साधे स्पोर्ट्स शूज’ एवढेच लिहिले होते. काठ्यांचा उल्लेख नव्हता. खाली सूचिपर्णी झाडांचे रान लागले की नागमोडी वळणांवर मुळे आडवी आलेली असतात आणि प्रत्येक पाऊल खाली टाकताना अंगाचा सगळा भार पुढच्या गुडघ्यावर येतो. चढताना दम लागतो आणि माणूस थांबतो. उतरताना मांड्या थरथरू लागेपर्यंत काही कळत नाही, आणि कळते तेव्हा थांबून उपयोग नसतो. सह्याद्रीत चार गड उतरलेला कोणीही हे सांगेल. आपल्या टूर मॅनेजरने मात्र, ‘काका, उतारच तर आहे, गप्पा मारत पोहोचू’, असे सांगितले आणि तो तरुण मंडळींबरोबर पुढे निघून गेला.

रान अर्धे उतरून झाल्यावर माझ्या पत्नीचा उजवा गुडघा वळला. तिचे वय ६१ आहे आणि तिची जन्मतारीख आपल्या नोंदणी अर्जावर आहे. त्यानंतर ती एका हाताने माझा खांदा धरून आणि दुसऱ्या हाताने झाडांचे आधार घेत, तिरकी तिरकी खाली आली. गुडघ्याच्या अस्थिबंधाला इजा झाल्याचा एमआरआय अहवाल मी आपणांस ईमेलने पाठवला आहे, आणि तो ‘मिळाला नाही’ असे कळवल्यावर पुन्हा पाठवला आहे.

त्या पाच तासांत केबिनी वरून ये-जा करत होत्या. ती केबल कार १९५५ पासून चालू आहे. परतीची सोय तेव्हा अस्तित्वात नव्हती, असे आपणांस म्हणता येणार नाही. परतीचे तिकीट मिळते. आपण ते काढले नाही. सहलीच्या पूर्ण रकमेत आम्हाला वर जाण्याचे एकेरी तिकीट दिले आणि वाचवलेल्या पैशाला कार्यक्रमपत्रिकेत ‘निसर्गानुभव’ असे नाव दिले.

आता विमा. आपण सहलीबरोबर सक्तीने दिलेल्या विम्याच्या कंपनीने, पर्वतीय पदभ्रमण हा साहसी प्रकार असल्याने, उपचारखर्चाचा दावा फेटाळला आहे. आपण म्हणता हा सोपा फेरफटका होता, म्हणून भरपाई नाही. ते म्हणतात हे साहस होते, म्हणून भरपाई नाही. गुडघा एकच आहे. दोघांनी मिळून काय ते ठरवावे.

आजच्या संभाषणाची नोंद आपल्याकडे ध्वनिमुद्रित असेलच, तरी लिहितो. आपल्या प्रतिनिधीने माझा बुकिंग क्रमांक विचारला, मग मला बराच वेळ संगीत ऐकवले, आणि परत येऊन बुकिंग क्रमांक विचारला. त्यानंतर तिने सांगितले, ‘सर, सिस्टीममध्ये चढ शून्य मीटर दिसतोय, म्हणून ही ॲक्टिव्हिटी सोपीमध्येच येते.’ मी विचारले, उतार किती दिसतो? काही वेळ कीबोर्डची टकटक ऐकू आली. ‘सर, उताराचा रकानाच नाहीये.’ माझी पत्नी त्याच रकान्यात पडली, असे मी म्हणालो. यावर ती क्षणभर गप्प राहिली आणि मग अत्यंत मायेने म्हणाली, ‘पण सर, मॅडम खाली पोहोचल्या ना?’

होय, पोहोचल्या. वर राहण्याची सोय आपल्या पॅकेजमध्ये नव्हती.

मी वरिष्ठांशी बोलायचे आहे असे सांगितले. वरिष्ठ मीटिंगमध्ये होते. माझ्या अनुभवानुसार ते नेहमीच मीटिंगमध्ये असतात. फोन चालू असतानाच पुढच्या सहलीवर पाच टक्के सवलतीचे कूपन माझ्या मोबाइलवर आले, आणि पाठोपाठ, आजच्या सेवेला आपण किती तारे द्याल, अशी विचारणा. त्या मुलीवर माझा राग नाही. तो रकाना तिने गाळलेला नाही.

आपल्याच कंपनीबरोबर आम्ही पूर्वी चारधाम केले, तेव्हा आपला माणूस घोड्यापाशी माझ्या आईचा हात धरून उभा होता. म्हणूनच या वेळी कार्यक्रमपत्रिकेवर विश्वास ठेवला.

पंधरा दिवसांत मला पुढील गोष्टी लेखी हव्या आहेत. उपचारखर्च आणि त्या दिवसाचे शुल्क परत मिळावे. परतीचे तिकीट का काढले नाही, याचा खुलासा मिळावा. आणि कार्यक्रमपत्रिकेत उताराचे मीटर छापले जावेत. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही कारणांसाठी मी जिल्हा आयोगाकडे जाईन. आपल्या अटींमध्ये ‘वाद फक्त मुंबईतच’ असे बारीक अक्षरांत छापले आहे, परंतु तक्रारदार जिथे राहतो तिथे दाद मागण्याची मुभा हा कायदा देतो. मी नाशिकला राहतो, निवृत्त आहे आणि मला वेळ आहे.

आणखी एक. त्या दिवशी टूर मॅनेजरने खाली पोहोचल्यावर घेतलेले सामूहिक छायाचित्र ‘हसतखेळत आल्प्स’ या ओळीखाली आपल्या फेसबुक पानावर आहे. त्यात डावीकडे कट्ट्यावर बसून गुडघ्याला ओला रुमाल बांधणारी स्त्री माझी पत्नी आहे. ते छायाचित्र आजच काढून टाकावे.

आपला ग्राहक
(बुकिंग क्रमांक आपल्या प्रतिनिधीकडे दोनदा नोंदवलेला आहे.)