लॅटव्हियातील रशियन : भाषेचा प्रश्न वेगळा, नागरिकत्वाचा वेगळा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील बाल्टिक देशांवरच्या लेखात ‘लॅटव्हियाने स्वतंत्र होताच रशियनांचे नागरिकत्व काढून घेतले’ असे एक विधान आहे आणि लेखाच्या अखेरीस तोच देश मराठीच्या सक्तीसाठी कित्ता म्हणून पुढे केला आहे. यातले पहिले विधान चुकीचे आहे आणि दुसरे घाईचे आहे. सुमारे तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवल्यामुळे जडलेल्या खोडीपायी हे पत्र लिहीत आहे.

काढून घ्यायला त्या लोकांकडे लॅटव्हियाचे नागरिकत्व नव्हतेच. त्यांच्याजवळ होते ते सोव्हिएत संघाचे नागरिकत्व, आणि तो संघच 1991 च्या अखेरीस संपला. राजधानी रीगातील संसदेने 15 ऑक्टोबर 1991 रोजी ठराव केला तो असा की, हे नवे राष्ट्र नसून 1918 मध्ये स्थापन झालेले आणि 1940 मध्ये सोव्हिएत सैन्याने व्यापलेले जुनेच राष्ट्र आहे; म्हणून 17 जून 1940 रोजी जे नागरिक होते ते आणि त्यांचे वंशज हेच आजचे नागरिक. ही कसोटी वंशाची नव्हती. पूर्वेकडच्या लाटगाले भागात सतराव्या शतकापासून वसलेल्या जुन्या पंथाच्या (रशियन चर्चमधील सुधारणा न मानणाऱ्या) रशियनांचे वंशज या ठरावाने आपोआप नागरिक झाले. वगळले गेले ते 1940 नंतर आलेले आणि त्यांची तिथेच जन्मलेली मुले-नातवंडे. अशांची संख्या सात लाखांच्या आसपास होती, आणि त्यांत रशियनांबरोबर युक्रेनी व बेलारूसीही होते.

लॅटव्हियन माणसाची भीती समजून घ्यायची तर आकडे पाहावे लागतात. 1935 च्या जनगणनेत लॅटव्हियन तीन-चतुर्थांश होते आणि रशियन सुमारे एक-दशांश. 1989 मध्ये लॅटव्हियन 52 टक्क्यांवर आले होते आणि रशियन 34 टक्के झाले होते. राजधानी रीगामध्ये तर लॅटव्हियन अल्पसंख्य, जेमतेम 36 टक्के. हा बदल पोटापाण्यासाठी झालेल्या नेहमीच्या स्थलांतराने घडला नाही. 14 जून 1941 रोजी पंधरा हजारांहून अधिक आणि 25 मार्च 1949 पासूनच्या काही दिवसांत बेचाळीस हजारांहून अधिक माणसे मालगाड्यांत कोंबून सैबेरियाकडे पाठवली गेली. त्यांत म्हातारे होते, तान्ही मुले होती. दुसऱ्या बाजूने नवनव्या कारखान्यांसाठी आणि लष्करी तळांसाठी माणसे आणून वसवली गेली. 1989 च्या जनगणनेत लॅटव्हियन भाषा येणारे रशियन पाचात एक होते, कारण ती शिकण्याची गरजच त्यांना कधी पडली नव्हती.

इथे मला आमच्या चाळीसगावच्या रेल्वे क्वार्टरमधल्या एक मावशी आठवतात. त्या दूर दक्षिणेतून, नवऱ्याच्या नोकरीमुळे आलेल्या. त्यांना प्रमाण मराठी शेवटपर्यंत नीट आली नाही, पण भाजीवालीकडून शिकलेली अहिराणी अशी सफाईने बोलत की, ओट्यावर बसून ‘काय करी ऱ्हायनी वं माय?’ म्हणाल्या की नवख्याला त्या इथल्याच वाटत. निवडणुकीच्या दिवशी सकाळी सातला त्या रांगेत उभ्या असत, आणि त्या कुठून आल्या हे कोणी विचारत नसे. अशा लाखो मावशा लॅटव्हियातही असणार. मात्र आमच्या मावशी कोणत्याही सैन्याच्या पाठोपाठ आल्या नव्हत्या आणि त्यांच्या येण्याने कोणी गावातून उचलला गेला नव्हता. लेखकाने हा फरक लक्षात घेतला असता तर तुलना इतक्या सहज केली नसती.

तरीही माझे मत असे की, भाषेच्या बाबतीत लॅटव्हियाचे बरोबर होते आणि नागरिकत्वाच्या बाबतीत चुकले. 3 मार्च 1991 च्या सार्वमतात सर्व कायम रहिवाशांना मत देता आले. मतदान सुमारे 87 टक्के झाले आणि त्यांपैकी जवळपास 74 टक्क्यांनी स्वतंत्र व लोकशाही लॅटव्हियाला होकार दिला. प्रत्येक लॅटव्हियनाने होकार दिला असे धरले, तरी 52 टक्के लोकसंख्येतून हा आकडा निघत नाही. म्हणजे मोठ्या संख्येने रशियन व इतर भाषिक मॉस्कोपेक्षा रीगाच्या बाजूने उभे राहिले, आणि सात महिन्यांनी त्यांच्यातल्या बहुतेकांना मताचाच अधिकार उरला नाही. शेजारच्या लिथुआनियाने आपल्या सर्व रहिवाशांना नागरिकत्व देऊ केले होते. अर्थात तिथे रशियनांचे प्रमाण बरेच कमी होते, हेही खरे.

पुढे 1994 चा कायदा आला तोही टप्प्याटप्प्याचा : अमुक वयाच्यांनी अमुक वर्षी अर्ज करायचा. 3 ऑक्टोबर 1998 च्या सार्वमताने ते टप्पे रद्द झाले. राहिली ती भाषा, इतिहास आणि राष्ट्रगीताची परीक्षा. एवढी वर्षे ताटकळलेल्या माणसाच्या मनात अढी बसते. जांभळ्या मुखपृष्ठाच्या ‘अ-नागरिक’ पासपोर्टावर जगायचे, नगरपालिकेच्या निवडणुकीतही मत नाही, आणि त्या पासपोर्टावर नाव लॅटव्हियन व्याकरणानुसार, म्हणजे इव्हानोव्हचे ‘इव्हानोव्ह्स’. (आपल्याकडे हजेरीपटावर आडनावाचा एक काना चुकला तरी पालक शाळेत येऊन उभे राहतात!) 2008 मध्ये रशियाने या अ-नागरिकांना व्हिसाशिवाय प्रवेश दिला, तेव्हा परीक्षेला बसण्याचे आणखी एक कारण संपले. आज त्यांची संख्या दोन लाखांच्या आत आहे. 1 जानेवारी 2020 पासून त्यांच्या नवजात मुलांना जन्मतःच नागरिकत्व मिळते. हे 1991 मध्येच करता आले असते.

भाषेचे तसे नाही. 18 फेब्रुवारी 2012 च्या सार्वमतात रशियनला दुसरी राजभाषा करण्याचा प्रस्ताव सुमारे तीन-चतुर्थांश मतदारांनी फेटाळला. दौगवपिल्स शहरात मात्र बहुसंख्यांनी तो उचलून धरला. लॅटव्हियन बोलणारे जगभरात वीस लाखांच्याही आत आहेत. ती भाषा त्या देशात टिकली नाही तर इतरत्र कुठेच टिकणार नाही, त्यामुळे तिचा आग्रह मला अन्यायाचा वाटत नाही. अहिराणी ऐकत वाढलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

मात्र 2022 मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर झालेल्या कायदेदुरुस्तीने, मधल्या काळात रशियाचे नागरिकत्व घेतलेल्या कायम रहिवाशांना लॅटव्हियनची परीक्षा देऊन निवासाचा हक्क राखणे भाग पडले, आणि त्यांत साठी-सत्तरीतले पेन्शनर पुष्कळ होते. आपल्या लेखकाने ‘कणखर धोरण’ म्हणून या परीक्षेचे कौतुक केले आहे. अशा वयात परीक्षेच्या बाकावर बसवलेल्या बाईचा त्या आक्रमणाशी काय संबंध, एवढे तरी लेखात यायला हवे होते.

नागरिकत्व ‘काढून घेतले’ या विधानाची दुरुस्ती येत्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
चाळीसगाव, जि. जळगाव